वही कोणाच्या ताब्यात आहे?

व्यापारी घरात गल्ल्यापेक्षा वहीला अधिक मान असतो. गल्ला रिकामा झाला तर तो चार महिन्यांत पुन्हा भरता येतो. वही नाहीशी झाली तर कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाचे किती देणे आहे, हेच सांगता येत नाही. दिवाळीत आपण वहीची पूजा करतो, ती उगीच नव्हे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र ही वही लाल कापडी बांधणीतून निघून प्रथम दुकानातील संगणकात, मग मोबाइलमध्ये आणि आता दूरच्या कोणत्या तरी शहरातील यंत्रांत जाऊन बसली आहे.

माझा व्यवसाय प्रोग्रामरचा. लोकांच्या वह्या यंत्रात बसविणे, हेच आमचे काम. त्यामुळे ‘हिशेबासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?’ हा प्रश्न मला लग्नसमारंभात, प्रवासात, अगदी पंगतीतही विचारला जातो. विचारणाऱ्याला एखादे नाव हवे असते. मला नावापेक्षा एक प्रतिप्रश्न महत्त्वाचा वाटतो: उद्या त्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायचे झाले, तर आपला हिशेब बरोबर घेऊन निघता येईल काय? दुकानाची जागा भाड्याने घेताना जागा सोडण्याच्या अटी आपण दोनदा वाचतो. सॉफ्टवेअर घेताना मात्र त्या कोणी विचारीत नाही. तंत्रज्ञानाविषयीची माझी बहुतेक मते या एका प्रश्नाभोवती फिरतात. त्यांतील काही येथे मांडतो.

नऊशे वर्षांचे पुस्तक, सोळा वर्षांची तबकडी

इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने आपल्या राज्यातील जमीन, नांगर, गिरण्या आणि कुळे यांची मोजदाद करविली. १०८६ साली तयार झालेल्या त्या नोंदवहीला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. कमावलेल्या कातड्यावर हाताने लिहिलेली ती लॅटिन नोंदवही आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. लॅटिन जाणणारा मनुष्य आजही ती उघडून वाचू शकतो.

या नोंदवहीला ९०० वर्षे झाली, तेव्हा १९८६ मध्ये बीबीसीने नव्या युगाची नोंदवही तयार करण्याचे ठरविले. हजारो शाळांतील मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या गावाची माहिती, छायाचित्रे आणि नकाशे गोळा केले. ही सारी सामग्री त्या काळच्या अत्याधुनिक लेसर तबकड्यांवर साठविण्यात आली. तबकडी वाचण्यासाठी विशिष्ट यंत्र लागे आणि त्या यंत्राला विशिष्ट संगणक. अवघ्या सोळा वर्षांनी, २००२ च्या सुमारास, तशी चालू यंत्रे मिळणे दुरापास्त झाले. लीड्स आणि मिशिगन या विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला, तेव्हा कुठे ती माहिती पुन्हा दिसू लागली. तबकडी फुटली नव्हती, जळालीही नव्हती. ती उघडणारी किल्ली तेवढी जगातून नाहीशी होत चालली होती.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. जुन्या पेढ्यांतून मोडी लिपीतल्या वह्या अजून सापडतात. घरात मोडी वाचणारे कोणी उरले नसले, तरी जाणकाराला दाखविताच तो आकडे आणि नावे सांगतो. त्याच पेढीने १९९५ साली फ्लॉपीवर ठेवलेला हिशेब मात्र आज कोणाला दाखवावा? फ्लॉपीचे यंत्र हवे, त्या काळचा प्रोग्राम हवा, तो चालविणारी संगणक-प्रणाली हवी आणि एवढे सगळे जमले तरी फ्लॉपीवरील चुंबकीय लेप शाबूत हवा. मोडीच्या वहीला एक कुलूप आहे. फ्लॉपीला चार आहेत.

‘इंटरनेटवरचे काही पुसले जात नाही’

हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. तरुण मुलांना सावध करण्यासाठी ते योग्यच आहे. परंतु ते अर्धेच खरे आहे. जे पुसले जावे असे आपल्याला वाटते, ते राहते. जे राहावे असे वाटते, ते जाते. कारण साधे आहे. वादग्रस्त चित्राच्या किंवा उथळ विनोदाच्या हजार प्रती हजार फोनांत पोहोचलेल्या असतात. आजोबांनी दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी काढलेल्या छायाचित्राची प्रत एकच असते, आणि तीही कोणा कंपनीच्या मर्जीवर. म्हणून टिकण्याचा प्रश्न हा शेवटी प्रतींच्या संख्येचा प्रश्न आहे.

इंटरनेटच्या आरंभीच्या काळात ‘जिओसिटीज’ नावाचे ठिकाण होते. तेथे कोणालाही फुकट आपले पान उभारता येई. लोकांनी आपले छंद, कुटुंब, गाव, लहानसा धंदा यांविषयी तेथे मोठ्या हौसेने लिहिले. १९९९ मध्ये ‘याहू’ने ते विकत घेतले आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केले. काही स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत धावपळ करून त्यातील बरीच पाने उतरवून घेतली, म्हणून ती आज पाहता तरी येतात. आपल्याकडील चाळिशीच्या पिढीला ‘ऑर्कुट’ आठवत असेल. २००४ मध्ये सुरू झालेले आणि भारतात व ब्राझीलमध्ये अमाप लोकप्रिय ठरलेले हे ठिकाण ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ‘मायस्पेस’ तर बंदही झाले नाही. यंत्रे बदलताना जुने संगीत नष्ट झाल्याचे त्यांनी २०१९ मध्ये मान्य केले. २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तेथे ठेवलेली पाच कोटींहून अधिक गाणी त्यात गेल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले.

या कंपन्यांना दोष देण्यात मला रस नाही. तोट्यातील दुकान मालकाने बंद केले, तर त्यात गैर काय? व्यापाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. लक्षात घेण्याची गोष्ट एवढीच की, दुसऱ्याच्या दुकानात फुकट ठेवलेला माल हा ठेव नसतो. पावती नाही, भाडे नाही, करार नाही. मग दुकान बंद होताना माल परत मिळण्याची अपेक्षा कोणत्या आधारावर करावी?

मराठी अक्षरांची कैद

हाच धडा मराठीने स्वतः भोगला आहे. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी छपाई सुरू झाली, तेव्हा प्रत्येक फॉन्ट बनविणाऱ्याने आपापली मांडणी ठरविली. पडद्यावर देवनागरी अक्षर दिसे. परंतु संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट असेपर्यंत सर्व सुरळीत चाले. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसे. त्या काळातील असंख्य मासिके, स्मरणिका, वंशावळी आणि संस्थांची इतिवृत्ते आजही अशा फाइलींत अडकून पडलेली आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही आणि मजकूर दुसरीकडे नेता येत नाही.

यातून सुटका झाली ती युनिकोडमुळे. या पद्धतीत जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक दिला आहे. पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी होती. ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. तो पुण्यात तोच, बेळगावात तोच आणि टोकियोतही तोच. कोणत्याही कंपनीचा फोन असो, २३२५ म्हणजे ‘क’. २०१४ मध्ये तर मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. माझ्या मते गेल्या अर्धशतकात मराठी भाषेसाठी संगणकशास्त्राने केलेले हे सर्वांत मोठे काम आहे, आणि त्याविषयी आपण फार कमी बोलतो. ते मोठे आहे, कारण अक्षराची मालकी त्यामुळे कोणा एकाकडे राहिली नाही.

ज्या संस्थांकडे जुन्या फॉन्टमधील मजकूर आहे, त्यांनी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेण्याचे काम आता पुढे ढकलू नये. रूपांतर करणारे प्रोग्राम आज उपलब्ध आहेत. ते जोडाक्षरांत चुका करतात. म्हणून त्या चुका ओळखणारी, मूळ मजकूर ठाऊक असणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवरच हे काम उरकून घेणे शहाणपणाचे.

प्रोग्रामर स्वतः काय करतात?

आमच्या व्यवसायाबाहेरच्या मंडळींचा समज असा की, प्रोग्रामर नेहमी नव्यात नवे वापरीत असतील. अनुभवी प्रोग्रामरचे वर्तन बरोबर उलट असते. त्याला स्वतःच्या कामासाठी जुने, साधे आणि थोडे कंटाळवाणे साधन आवडते. तो आपली टिपणे साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतो; कारण अशी फाइल पन्नास वर्षांपूर्वी उघडत होती आणि पन्नास वर्षांनी उघडेल, असा त्याला भरवसा असतो. ‘एसक्यूलाइट’ नावाचा नोंदी साठविण्याचा एक प्रोग्राम २००० मध्ये आला. तो आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये मुकाट काम करीत असतो. त्याच्या कर्त्यांनी २०५० पर्यंत तो सांभाळण्याचा मानस जाहीर केला आहे. सॉफ्टवेअरच्या बाजारात अशी भाषा क्वचितच ऐकू येते. पेढीच्या भाषेशी तिचे नाते आहे.

दुसरी एक गोष्ट व्यापारी वाचकांना विशेष रुचेल. जगभरचे प्रोग्रामर आपल्या कामातील बदल ‘गिट’ नावाच्या साधनात नोंदवितात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले. त्यात प्रत्येक बदलाबरोबर कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला, हे लिहावे लागते. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा एक गणिती ठसा असतो. मागची एखादी नोंद कोणी गुपचूप बदलली, तर पुढच्या सर्व नोंदींचे ठसे जुळेनासे होतात आणि लबाडी उघडी पडते. हे वाचून आपल्याला काही आठवले काय? कीर्द लिहिणाऱ्या जुन्या दिवाणजींचा नियमच हा होता: कोरी ओळ सोडू नये, पान फाडू नये, खाडाखोड करू नये, चूक झाली तर तिच्या दुरुस्तीची स्वतंत्र नोंद घालावी आणि मूळ चूक तशीच दिसू द्यावी. आम्ही मोठ्या अभिमानाने जे शोधून काढले, ते पेढीवर शिकाऊ पोराला पहिल्या वर्षी शिकविले जाई.

कायदाही आता याच वाटेवर आला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा मागोवा ठेवणारी सोय असणे बंधनकारक आहे, आणि ती बंद करता येता कामा नये. हा नियम कंपन्यांना लागू आहे. एकल मालकीच्या किंवा भागीदारीच्या पेढीला नाही. तरीही जी सोय कायद्याने मोठ्यांना सक्तीची केली, ती लहानांनी आपखुशीने का वापरू नये? भावाभावांत हिशेबावरून संशय उत्पन्न होण्यापेक्षा नोंदीने उत्तर दिलेले केव्हाही बरे.

नोंदी किती वर्षे जपाव्यात, याचेही उत्तर कायद्यात आहे. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. कंपन्यांना हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. आता विचार करा. मासिक वर्गणीवर चालणारे सॉफ्टवेअर आपण तिसऱ्या वर्षी सोडले आणि वर्गणी थांबताच जुना हिशेब दिसेनासा झाला, तर सहाव्या वर्षी आलेल्या नोटिशीला उत्तर कशाच्या आधारे देणार? वर्गणी भरल्याच्या पावत्या दाखवून हिशेब सिद्ध होत नाही.

पूर आणि आग

याचा अर्थ सर्व काही घरच्याच कपाटात ठेवावे, असाही नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठांत पाणी शिरले, तेव्हा कागद आणि संगणक दोन्ही एकाच पाण्यात भिजले. अशा वेळी हिशेबाची एक प्रत दूरच्या यंत्रात असणे हे वरदान ठरते. ‘क्लाउड’ या शब्दाचा उपयोग तेवढ्यापुरता मोठा आहे.

तथापि क्लाउड म्हणजे आकाश नव्हे. ती कोठे तरी उभी असलेली इमारत असते. तिला भिंती असतात, वीज असते आणि आगही लागू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ‘ओव्हीएच’ या मोठ्या कंपनीची यंत्रशाळा आगीत भस्मसात झाली. ज्या ग्राहकांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांतील अनेकांची माहिती कायमची गेली. पूर आपल्या गावाला येतो, आग त्यांच्या गावाला लागते. दोन्ही एकाच दिवशी घडण्याचा संभव मात्र फार कमी असतो. आपला सारा उपाय या शेवटच्या वाक्यात आहे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ‘३-२-१’ हा नियम याच विचारावर उभा आहे. महत्त्वाच्या माहितीच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि १ प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. दुकानाच्या संगणकात एक, हार्ड डिस्कवर एक आणि क्लाउडवर किंवा परगावच्या बहिणीकडे एक, एवढ्याने नियम पुरा होतो. यास मोठा खर्च नाही. शिस्त तेवढी हवी.

मोबाइलमधील पेढी

सर्वांत अधिक काळजी वाटते ती मोबाइलची. मालाची मागणी, नमुन्याचे छायाचित्र, ठरलेला भाव, उधारीची मुदत, पैसे पोहोचल्याची खूण, हे सगळे आज व्हॉट्सॲपवर चालते. म्हणजे पेढीचा निम्मा पत्रव्यवहार एका माणसाच्या खिशात आणि त्याच्या अंगठ्याच्या ठशाखाली आहे. शिवाय रोज सकाळी येणारी फुलांची आणि सुविचारांची चित्रे त्याच फोनमध्ये साठत राहतात. जागा भरली की घरातील एखादे चुणचुणीत मूल भराभर जुने पुसून टाकते. त्यात सुविचारांबरोबर भावाचे ठरावही जातात. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपची प्रत २०२४ पासून गूगल खात्याच्या १५ जीबी मोफत जागेत मोजली जाते. ही जागा भरली की नवी प्रत निघणे थांबते, आणि त्याची सूचना कोणी वाचीत नाही.

समजा, पेढीचे ज्येष्ठ अकस्मात आजारी पडले, किंवा न व्हावे तेच झाले. दुःखाच्या त्या दिवसांत मुलाला फोन उघडता येत नाही, ईमेलचा परवलीचा शब्द कोणास ठाऊक नाही आणि देणेकरी मात्र दारात उभे आहेत, अशी वेळ काय सांगावी? याखेरीज दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती हटविण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे. म्हणजे वडिलांच्या खात्यातील पत्रे आणि छायाचित्रे मुलांनी वेळेत काढून घेतली नाहीत, तर ती जाऊ शकतात. आपल्यानंतर खात्यातील माहिती कोणाला मिळावी, हे आधीच नोंदवून ठेवण्याची सोय त्याच खात्याच्या सेटिंग्जमध्ये आहे. मृत्युपत्राविषयी बोलणे अशुभ मानणाऱ्या घरांतही एवढे करण्यास हरकत नसावी.

एवढे अवश्य करावे

पंगतीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला आता माझे उत्तर देतो. सॉफ्टवेअर कोणतेही घ्या. घेण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. माझा संपूर्ण हिशेब एक्सेल किंवा सीएसव्हीसारख्या सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात मला स्वतःला काढून घेता येईल काय? वर्गणी थांबविल्यावर जुने हिशेब वाचता येतील काय? फेरफाराचा मागोवा राहील काय? उत्तर तोंडी न घेता, त्याच्यासमोर नमुन्याच्या पाच नोंदी घालून त्या बाहेर काढून दाखवावयास सांगा. माल पारखल्याशिवाय आपण घेत नाही. येथेही घेऊ नये.

वर्षाचा हिशेब बंद झाला की एप्रिलमध्ये संपूर्ण वर्षाची प्रत साध्या स्वरूपात काढावी. वर्षअखेरच्या येण्या-देण्याची यादी आणि ताळेबंद चांगल्या कागदावर छापून, सही करून कपाटात ठेवावा. पेढीची खाती, त्यांचे परवलीचे शब्द आणि प्रती कोठे आहेत याचे टिपण बंद लिफाफ्यात घालून घरातील दोन विश्वासू व्यक्तींना ठाऊक असावे. त्यांतील एक पुढच्या पिढीतील असावी आणि घरच्या सुनेला किंवा मुलीला त्यातून वगळू नये.

आणि दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी गेल्या वर्षीची प्रत घरातील मुलांकडून एकदा उघडून घ्यावी. एखाद्या ग्राहकाचे नाव सांगून त्याची बाकी विचारावी. बाकी सापडली तर वही आपल्या ताब्यात आहे असे समजावे. न सापडली, तर दुरुस्तीला पुरेसे दिवस हातात आहेत.